संकटाचे वीस गुण

नियम, आधी

इव्हेंट मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला एक प्रात्यक्षिक असतं. विद्यार्थ्यांनी गटानं एक कार्यक्रम करून दाखवायचा. पाहुणे खरे, मंच खरा, खुर्च्या खऱ्या. विषय कुठलाही चालेल. नियमपुस्तिकेत विषयाबद्दल हे एवढंच वाक्य आहे. खुर्च्यांबद्दल दोन पानं आहेत.

शंभरातले वीस गुण संकटाचे. म्हणजे असं, की कार्यक्रम चालू असताना विभागाच्या मॅडम गुपचूप एखादं संकट सोडतात. काय सोडणार ते विद्यार्थ्यांना ठाऊक नसतं. दुसऱ्या विद्यापीठातून जे परीक्षक येतात, त्यांनाही ठाऊक नसतं, म्हणजे ते निःपक्षपातीपणे बघतात. पाहुण्यांच्या लक्षात न येता संकट निस्तरायचं आणि चेहरा हसरा ठेवायचा. दात दिसले पाहिजेत, हिरड्या नाहीत.

याचा परिणाम असा, की या अभ्यासक्रमाची मुलं कुठल्याही संकटावर विश्वास ठेवत नाहीत. मागच्या वर्षी खरोखरच वीज गेली तेव्हा अख्खा वर्ग अंधाराकडे बघून गोड हसत उभा होता. त्याच्या आदल्या वर्षी नाट्यविभागातून आणलेल्या एका खोट्या दारुड्यानं इतकं चोख काम केलं, की एका मुलीनं त्याच्या कानाखाली वाजवली. ती नापास झाली. दारुडा सध्या मालिकेत आहे.

आणखी एक नियम. पाहुण्यांमध्ये आयोजकाचा रक्ताचा नातेवाईक सापडला तर सगळ्या गटाला शून्य. कारण नातेवाईक कशालाही टाळ्या वाजवतात.

विषय ठरतो

"विषय काय घ्यायचा?" क्लचनं विचारलं. तिच्या बाबांचं ड्रायव्हिंग स्कूल, म्हणून वर्गात तिचं नाव क्लच. ती गटप्रमुख होती.

"निळा," माइक म्हणाला. माइक सूत्रसंचालन करायचा. त्याला स्वतःचा आवाज इतका आवडायचा, की तो फोनवर स्वतःलाच निरोप ठेवत असे.

"निळा हा विषय नाही. रंग आहे."

"मग निळ्यावर शोभेल असा विषय बघ."

"पाणी?"

"निळ्यावर निळं? वेडी आहेस का?"

दुपार गेली. पडद्याचं कापड ठरलं, पुष्पगुच्छाची उंची ठरली, पाहुण्यांना वाट कुठल्या हातानं दाखवायची ते ठरलं. शेवटी कोणीतरी जांभई देत म्हणालं, "बाकीचं उद्या," आणि माइक ताडकन उठला. "हेच! उद्या! नुसतं 'उद्या'! काय भारी आहे!"

निळ्या फलकावर पांढऱ्या अक्षरांत 'उद्या' असं लिहून तो विभागाच्या दारात लावला. दोन प्राध्यापक वाचून, मान हलवून, उद्या येतो म्हणून गेले.

पाहुणे

पाहुणेच नव्हते. या वर्गातला प्रत्येक जण आयोजक. दुसऱ्याच्या कार्यक्रमाला जाऊन बसणं म्हणजे न्हाव्यानं दुसऱ्या न्हाव्याच्या खुर्चीत बसण्यासारखं. इतर विभागांची मुलं तर काळे टी-शर्ट आणि वॉकीटॉकी दिसली की जिना बदलायची.

घरी जेवताना क्लच ताटात भाताच्या रांगा लावत बसली होती.

"काय झालं?" बाबांनी विचारलं. बाबा कुणाशीही बोलताना थोडे उजवीकडे वळून बोलतात. आयुष्य शेजारच्या सीटवर गेलं, की समोर बघून बोलायची सवय राहत नाही.

"माणसं मिळत नाहीयेत."

"कशाला?"

"बसायला."

"हात्तिच्या! मग माझ्याकडे आहेत की. माझ्या बॅचला बसायचीच तर सवय आहे. गाडी सुरूच होत नाही निम्म्यांची."

"बाबा, पण तुम्ही आलात तर शून्य. नातेवाईक चालत नाहीत."

"मग मी तुझा कोणी नाही."

"नक्की?"

"तिथे नाही. घरी बघू."

"जन्माला घातलं मी," आई आतून म्हणाली, "आणि नाती ठरवतायत हे दोघं."

बाबांनी हात धुतले आणि जुना करार पुन्हा बोलून दाखवला. ते तो अधूनमधून बोलून दाखवत, कोणाचं लक्ष नसेल तर मोठ्यानं. "पहिल्या फटक्यात पास झालीस तर जा त्या लांबच्या कंपनीत, लाव खुर्च्या. नापास झालीस तर बायकांची बॅच घ्यायची. आणि ती तोंड पाडून नाही घ्यायची."

बायकांची बॅच म्हणजे काय ते क्लचला माहीत होतं. तिनं सुट्टीत घेतली होती. गाडी बाबांची, स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात, आणि आपण शेजारी बसून त्याच मैदानात, त्याच टायरांभोवती, तोच आठचा आकडा काढत राहायचं. तिला कुठंतरी पोचायचं होतं. लांबच्या कंपनीनं नोकरीसाठी कळवलं होतं, की निकाल घेऊन या. नुसती येऊ नका.

वॉकीटॉकीवर

— दार बोलतंय. दार बोलतंय. पाहुणे आले.

— किती?

— एकदम. रांगेत. सगळे एकामागोमाग एक, मध्ये सारखं अंतर ठेवून.

— छान आहेत.

— बसताना मागे वळून बघतायत. दोन्ही बाजूंना.

— बसू दे.

— एक काका पुढे उभे राहून हातानं खुणा करतायत. कोण आहेत?

— (शांतता)

— क्लच?

— मला काय माहीत कोण आहेत. पुढच्या रांगेत बसवा आणि त्यांच्याशी बोलू नका.

— एक मावशी विचारतायत, खुर्चीला पट्टा कुठाय?

— माइक बोलतोय. माझा आवाज कसा येतोय?

— क्लच बोलतेय. सगळ्यांनी लक्ष ठेवा. संकट कुठूनही येईल.

— मॅडम हसतायत. मला भीती वाटते.

मॅडम खरंच हसत होत्या. त्यांचं संकट पाचव्या रांगेत कडेला बसलं होतं, फिकट चेहऱ्याची, नाट्यविभागाची पहिल्या वर्षाची मुलगी. प्रमुख वक्त्याचं भाषण रंगात आलं की चक्कर येऊन पडायचं, एवढंच तिचं काम. सकाळपासून ती उपाशी होती. भूमिकेसाठी.

आणि पहिल्या रांगेत, मांडीवर गुणांचे कागद लावलेली पाटी घेऊन, परीक्षक म्हणून आलेले बाहेरचे सर. 'बाहेरचे' हे त्यांच्या नेमणूकपत्रातलं पद, पण एव्हाना ते स्वभावातही उतरलं होतं. ते पाणीसुद्धा घरून आणत.

भाषण

प्रमुख वक्ता हा लोकांना प्रेरणा द्यायचा. आधी तो पंखे विकायचा. त्याला विषय सांगितला होता, 'उद्या'. तो म्हणाला होता, विषय काहीही असू द्या, भाषण तयार आहे.

त्यानं मंचावर आल्याबरोबर कोट काढला. मग विचारलं, "तुमच्यापैकी किती जण घाबरतात?"

चाळीस-पन्नास हात एकदम वर गेले. एवढा प्रतिसाद त्याला आयुष्यात मिळाला नव्हता. तो फुलला. पुढच्या रांगेतल्या काकांच्या शर्टाच्या खिशावर स्टिअरिंगचं चित्र होतं, ते त्याच्या नजरेला पडलं, आणि त्याच्या अंगात आलं.

"आयुष्य एक गाडी आहे!" तो म्हणाला.

पहिली रांग ताठ झाली.

"आणि तुमची चूक काय? तुम्ही सारखा आरसा बघता! मागे काय आहे, बाजूला कोण आहे! काढून टाका तो आरसा! फेकून द्या!"

बाबांनी डोळे मिटले.

"ब्रेक! ब्रेक हा भित्र्यांचा शोध आहे! तुमच्या पायाखाली काय पाहिजे? फक्त ॲक्सिलरेटर! लाल सिग्नल कुणासाठी असतो? जो थांबतो त्याच्यासाठी! डोळे मिटा. सगळे मिटा. आता पाय दाबा. जोरात! अजून जोरात!"

ते सगळे शिकाऊ होते. सांगितलं की करायचं, ही त्यांना महिनाभर लावलेली शिस्त. चाळीस-पन्नास जणांनी डोळे मिटले आणि उजवे पाय दाबले. मावशींनी तर हातही उचलले.

"परवा टेस्ट आहे यांची!"

बाबा उभे होते. आवाज सभागृहाच्या मागच्या भिंतीवर आपटून परत आला. उघड्या मैदानात कमावलेला आवाज, त्याला माइक लागत नव्हता.

"परवा टेस्ट आहे, आणि तुम्ही माझ्या पोरांना आरसा फेकायला सांगता? उतरा खाली! मावशी, डोळे उघडा! हात स्टिअरिंगवर! पंधरा दिवस लागले मला या बाईला आरसा बघायला शिकवायला, पंधरा दिवस! एका मिनिटात वाटोळं केलंत!"

"सर, ही एक उपमा—"

"उपमा तुमच्या घरी ठेवा! हिनं सिग्नलला उपमा ठोकली तर भरपाई कोण देणार?"

आणि ते मंचावर चढले.

वॉकीटॉकीवर

— आलं! आलं! संकट आलं!

— अरे काय काम करतोय तो माणूस! शिरा बघ मानेच्या!

— क्लच, जा! वीस गुण आहेत!

प्रश्न चौथा (मागच्या सत्रातला)

*अनावर पाहुणा मंचावर चढल्यास आयोजकाने काय करावे?*

क्लचचं उत्तर, जे मॅडमनी नमुना म्हणून वर्गात वाचून दाखवलं होतं:

आयोजकाने धावू नये. पाहुण्याच्या थोडे मागे व डावीकडे उभे राहावे. आवाज पाहुण्यापेक्षा खालच्या पट्टीत ठेवावा. पाहुण्याचे म्हणणे बरोबर आहे असे म्हणावे, पण कोणते म्हणणे ते म्हणू नये. त्याच्या कोपराला दोन बोटे लावावीत व त्याला स्वतःलाच जायचे आहे असे वाटेल अशा दिशेने चालू लागावे. पाहुणा ही व्यक्ती आहे याचा विचार करू नये, कारण त्याने हात कापतो.

तसंच

क्लच मंचावर गेली. धावली नाही. थोडी मागे, डावीकडे.

"सर," ती खालच्या पट्टीत म्हणाली, "आपलं म्हणणं अगदी बरोबर आहे."

बाबा उजवीकडे वळले. तिथं कोणी नव्हतं. मग डावीकडे.

"सर?" ते म्हणाले. "सर कुणाला म्हणतेस गं?"

"आपण जरा बाजूला बसून सविस्तर बोलू या का?" दोन बोटं कोपराला. दात दिसत होते, हिरड्या नव्हत्या.

आणि बाबा गेले. ज्यांनी घरात कधी सांगितल्यावर मीठसुद्धा सरकवलं नव्हतं, ते बाबा दोन बोटांवर तीन पायऱ्या उतरले आणि दाखवलेल्या खुर्चीत बसले. बसल्यावर त्यांनी स्वतःच्या कोपराकडे बघितलं. ते आपलंच आहे ना, असं.

माइक म्हणाला, "आणि हाच तो उद्या, मित्रहो, जो प्रश्न विचारतो!" टाळ्या पडल्या. वक्त्यानं कोट घातला.

त्याच सुमाराला पाचव्या रांगेतली मुलगी चक्कर येऊन पडली. कोणीही बघितलं नाही. ती थोडा वेळ पडून राहिली, मग उठली, दोन रांगा पुढे आली आणि पुन्हा पडली. शेजारच्या माणसानं पाय बाजूला घेतले.

गुण देताना

बाहेरचे सर पाटी घेऊन जागेवरून उठले. परीक्षक उठणं म्हणजे या विद्यापीठात ग्रहण लागण्यासारखं होतं.

"अप्रतिम," ते म्हणाले. "मी इतकी वर्षं खोटे दारुडे बघतोय. ओंगळ असतात. हे गृहस्थ मात्र... राग कुठून आणला, तेच कळलं नाही. कोण आहेत हे कलाकार?"

सगळे मॅडमकडे बघायला लागले. मॅडमनी सगळ्यांकडे बघितलं. मग बाहेरच्या सरांनी क्लचला विचारलं, कारण विचारणं नियमात होतं, "तुमची यांच्याशी पूर्वीची ओळख? काही संबंध?"

बाबा खुर्चीतून वर बघत होते.

"नाही सर," क्लच म्हणाली. "मी यांना आयुष्यात पहिल्यांदा बघतेय."

नुसतं 'नाही' पुरलं असतं.

"अगं सटवे!" तिसऱ्या रांगेतून मावशी उठल्या. "बाप आहे तो तुझा! खुर्च्या भरायला आम्हाला आणलं, बापाला पुढं बसवलं, आणि आता ओळख नाही होय? तूच नाही का मला गाडी मागे घ्यायला शिकवलीस सुट्टीत? मैदानातल्या झाडावर चढवली होती मी, तेव्हा तुझाच बाप आला होता धावत!"

शिकाऊंमध्ये कुजबुज उठली. हो की. मास्तरांचीच मुलगी. नाक बघ ना.

  बाबांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले आणि समोर बघत राहिले. सरळ समोर. गाडी कुठंतरी ठोकली गेल्यावर, कोणाला लागलंय का ते बघायला उतरण्याआधी माणूस असा बसतो.

क्लचच्या डोक्यात लांबची कंपनी आली, मैदान आलं, टायर आले, टायरांभोवतीचा आठ आला. आणि मग तिच्या लक्षात आलं, की आपला हात कापतोय.

"सर," ती म्हणाली, आता खालच्या पट्टीत नाही. "मावशी खरं बोलतायत. हे माझे बाबा आहेत. मी नियम मोडला. बाकीच्यांना माहीत नव्हतं. मला शून्य द्या."

माइकच्या हातून माइक पडला. तो आवाज सगळ्यांना नीट आला.

 बाहेरच्या सरांनी पाटी काखेत धरली आणि टाळ्या वाजवल्या. एकट्यानं, सावकाश, जाणकार माणूस वाजवतो तशा.

"संकटाच्या पोटात संकट," ते म्हणाले. "वा! प्रेक्षकांतली ती बाईसुद्धा तुमचीच?"

"सर, खरंच."

"हो, हो. आवाजही कापतोय."

"अहो, खरंच माझी पोरगी आहे ही!" बाबा उठले. "हे नाक बघा! हे माझं आणि हे तिचं!"

"जुळणारं नाक शोधून आणलंत!" बाहेरच्या सरांनी लिहून घेतलं.

बाबांनी खिशातून लायसन्स काढलं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. आडनावाखाली अंगठा ठेवून.

"हेसुद्धा छापून घेतलंत?" बाहेरचे सर जवळजवळ ओशाळले. "आमच्याकडची मुलं फक्त खोटी मिशी लावतात."

आता खरं कोण सांगणार होतं, तर मॅडम. संकट त्यांचं नव्हतं हे त्यांना नक्की ठाऊक होतं. त्या पुढे आल्या. बाहेरच्या सरांच्या हातातली पाटी त्यांनी उलटी असूनही वाचली. या पाटीवर अभ्यासक्रमाची मान्यता अवलंबून होती, आणि मान्यतेवर मॅडम.

"आम्ही," मॅडम म्हणाल्या, "संकटाच्या बाबतीत तडजोड करत नाही."

त्यांचा पदर कुणीतरी मागून ओढला. फिकट मुलगी होती. "मॅडम, मी परत पडू का?"

"तू कँटीनला जा आणि काहीतरी खा," मॅडम तोंड न हलवता म्हणाल्या.

अभिप्रायाच्या चिठ्ठ्यांमधून

कार्यक्रम चांगला झाला. पण हॉर्न कधी वाजवायचा ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

निळा रंग डोळ्यांना बरा.

'उद्या' म्हणजे परवाची टेस्ट उद्या घेणार का? कृपया कळवावे.

मास्तरांना खाली उतरवायला नको होतं. ते बरोबर बोलत होते.

मुलगी हुशार आहे. आमच्या मुलीला या कोर्सला घालणार नाही.

चहा

गट पास झाला. संकटाचे वीसपैकी वीस. विद्यापीठाच्या इतिहासात पहिल्यांदा, असं मॅडम तीन जणांना सांगत होत्या आणि तिघांना वेगवेगळं. माइकनं क्लचला मिठी मारली. "काय खोटं बोललीस! मला एक क्षण वाटलं, तू खरंच बोलतेयस!"

बाबा चहाच्या टेबलाशी कप घेऊन उभे होते. पीत नव्हते. शिकाऊ लोक लांबून नमस्कार करून, अंतर ठेवून, एकेक निघून जात होते.

"पास झालीस," बाबा म्हणाले.

"हो."

"जा मग. बोललो होतो."

"बाबा, मी कबूल केलं ना. सगळ्यांसमोर. शून्य मागितलं मी."

"नंतर."

"हो, पण केलं ना?"

"'नाही' म्हणून थांबली असतीस तर मी समजलो असतो. ठरलंच होतं आपलं." त्यांनी कप खाली ठेवला. "ते 'आयुष्यात पहिल्यांदा' कुठून आणलंस?"

 हा प्रश्न अभ्यासक्रमात होता की नव्हता, ते क्लचला आठवेना. तिनं हात पुढे केला, आणि तो कुठे ठेवावा ते न कळून तसाच मागे घेतला.

तेवढ्यात बाहेरचे सर आले. हातात स्वतःची पाण्याची बाटली, चेहऱ्यावर आदर. त्यांनी क्लचला मान हलवून जरा बाजूला केलं आणि बाबांच्या हातात कार्ड दिलं.

"पुढच्या महिन्यात आमच्याकडेही प्रात्यक्षिकं आहेत," ते म्हणाले. "याल का? मानधनाचं बघू. तुम्ही बापाचं काम फार छान करता. किंचित जास्त वाटतं, पण लोकांना पटतं."

बाबांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"आणि मुलगी?"

"त्याची काळजी नको," बाहेरचे सर म्हणाले. "मुलगी आमच्याकडची असते."

बाबांनी कार्ड खिशात ठेवलं. स्टिअरिंगचं चित्र असलेल्या खिशात.

"विचार करून सांगतो," ते म्हणाले.